कलिंगडाचे बी आणि गार माती

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात नदीकाठी आमचे भातखाचर आहे. भात निघाल्यावर डिसेंबरच्या अखेरीस तेथे कलिंगड लावले. बारा दिवसांनीही आळी रिकामीच होती. उकरून पाहिले तर बरेच बी कुजलेले निघाले. त्याच पाकिटातले बी शेजाऱ्यांनी वरच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत लावले, ते आठवड्यात रुजले. दोष बियाण्याचा की आमचा?

उत्तर : बियाणे सदोष असते तर शेजाऱ्यांकडेही रुजले नसते. आपले बी गार मातीत अडकले. कलिंगडाचे बी मातीचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना साधारण पाच दिवसांत रुजते, २० अंशांवर त्याला बारा दिवस लागतात आणि १५ अंशांवर ते रुजतच नाही. दुपारच्या उकाड्यात माती गार असेल अशी शंकाही येत नाही. परंतु डोंगराकडच्या खोलगट भागात हिवाळ्याच्या रात्री थंड हवा उतरून खाचरातच साचते.

त्याहून मोठे कारण पाणी. एक किलो कोरडी माती तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचपट एक किलो पाण्याला लागते. नदीकाठच्या खाचरात भातानंतरही भरपूर ओल राहत असल्याने दिवसभराचे पुष्कळसे ऊन ते पाणी तापवण्यात आणि त्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, तर वरकस जमिनीतली निचरा झालेली जांभ्याची माती त्याच उन्हात लवकर तापते. अशा गार ओलीत बी पाणी पिऊन फुगते, पण मोड फुटण्याइतकी ऊब नसल्याने बुरशीला बळी पडते.

म्हणून आधी चर काढून पाणी वाहते करावे, उंच गादीवाफे करून त्यांना ऊन खाऊ द्यावे आणि बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात मोड आणून लावावे. काळे प्लास्टिक मातीला चिकटून अंथरल्यास ऊब वाढते. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन मात्र आता घालू नये. तो उन्हाळ्यात मुळे थंड राखतो, आज तेच नको आहे.

मातीचा तापमापक ५ सेंटीमीटर खोल खोचून तीन-चार दिवस सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता नोंद ठेवावी. सकाळचा आकडा १८ अंशांखाली असेल तर थांबावे. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा लावलेले कलिंगड सुमारे तीन महिन्यांत, म्हणजे पावसाच्या बरेच आधी हाती येते. पुढील वर्षी मात्र खाचरात भात निघताच अंगओलाव्यावर, म्हणजे मातीत उरलेल्या ओलीवर, कडवा वाल पेरावा आणि कलिंगड वरकस जमिनीत न्यावे.