आवडतं, पण व्हायचं नाही

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा विज्ञान दिनाच्या निमित्ताने मुख्याध्यापकांनी सांगितलं, मुलांना विज्ञानाची किती गोडी आहे त्याचा अहवाल करा. मी वीस विधानांची प्रश्नावली केली आणि आठवी-नववीच्या ६३ मुलांकडून वर्गात भरून घेतली. बहुतेकांनी 'पूर्ण सहमत'वरच खुणा केल्या. सरासरी ५ पैकी ४.६ आली. अहवालाचं कौतुक झालं, पण माझाच त्याच्यावर विश्वास बसत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडून दहावी झालेल्या ३४ मुलांपैकी विज्ञान शाखेला गेली फक्त चार. मुलं खोटं बोलली का? माझी प्रश्नावली चुकली का? की आवड ही मोजायची गोष्टच नव्हे? प्रश्नावली सोबत जोडली आहे.
– एक शिक्षक, ता. राजापूर

उत्तर : सर, मुलं खोटं बोलली नाहीत. तुमच्या वीस विधानांपैकी तेरा विधानं 'विज्ञान चांगलं आहे' याच अर्थाची आहेत. विज्ञानाच्या तासाला, विज्ञानाच्या सरांसमोर, कागदाच्या डोक्यावर स्वतःचं नाव लिहून कुठलं मूल 'असहमत' म्हणेल? ४.६ मध्ये विज्ञानाची गोडी थोडी असेलही, पण त्यात तुमच्याविषयीचा आदर बराच आहे.

तुमचं पहिलंच विधान बघा : 'विज्ञान हा उपयुक्त व मनोरंजक विषय आहे.' ज्या मुलीला विज्ञान उपयोगाचं वाटतं पण तासाला कंटाळा येतो, तिने खूण कुठे करायची? एका विधानात एकच गोष्ट हवी. आणि अकरावं : 'मला विज्ञानाचा तास आवडत नाही.' आपल्याकडे 'तुला आवडत नाही ना?' असं विचारलं आणि मूल 'हो' म्हणालं, तर त्याला आवडत नाही असाच अर्थ होतो. इथे मात्र ज्याला तास आवडतो त्याने 'असहमत' म्हणायचं. नकाराला नकार, त्यात आठवीचं मूल हमखास अडखळतं. उलट्या अर्थाची विधानं हवीतच, नाहीतर मूल न वाचता एका रेषेत खुणा करत सुटतं. पण ती 'नाही' न वापरता लिहायची. 'विज्ञानाचा तास कधी संपतो असं मला होतं' हे वाचलं की मुलाला बरोबर कळतं. गुण देताना अशा विधानांचे आकडे उलटायचे, म्हणजे 'पूर्ण सहमत'ला ५ ऐवजी १.

आवड मोजता येते का, असं विचारलंत. येते, आणि माणसं हे काम बरीच वर्षं करत आली आहेत. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच पर्यायांची ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. शाळेतल्या विज्ञानापुरतं म्हणाल तर बॅरी फ्रेझर यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलेली ७० विधानांची चाचणी आजही वापरली जाते. तिचे सात भाग, प्रत्येकात दहा विधानं. विज्ञानाचा तास आवडतो का, हा एक भाग. शाळेबाहेर विज्ञानाचं काही करावंसं, वाचावंसं वाटतं का, हा दुसरा. विज्ञानात काम करायला आवडेल का, हा तिसरा. शास्त्रज्ञ तुमच्याआमच्यासारखा माणूस वाटतो की कुणी विचित्र प्राणी, हाही एक वेगळा भाग आहे. सातही भागांचे गुण वेगवेगळे धरायचे असतात. तुम्ही सगळ्याची एक बेरीज करून वीसने भागलंत. नाडी, ताप आणि वजन यांची सरासरी काढावी तसं ते झालं.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण माझ्या हातून हेच झालं आहे.

२००६ साली मी वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत नववीला शिकवत होते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला दोन मुलं पाठवायची होती. मी अशीच प्रश्नावली दिली, वर नाव लिहून घेतलं आणि बेरीज केली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी बेरजेत खाली गेली. 'मला शास्त्रज्ञ व्हायला आवडेल', 'मला प्रयोगशाळेत नोकरी करायला आवडेल' अशा प्रत्येक विधानापुढे तिने 'पूर्ण असहमत' केलं होतं. मला वाईट वाटलं. वाटलं, हिला मार्क पडतात, पण मनातून ओढ नाही. दुसरी दोघं पाठवली.

दोन वर्षांनी ती बाजारात भेटली. कला शाखेला होती. कागदाचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "बाई, माका वाटला, 'मी होतलंय काय' असो प्रश्न आसा. मगे खोटा कित्याक लिवू?"

तिचे वडील ट्रॉलरवर खलाशी होते. विज्ञान शाखेचं कॉलेज २२ किलोमीटरवर, प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली. घरातून तिला आधीच सांगितलं होतं की जवळ जे आहे ते कर. तिने माझ्या प्रश्नाचं अगदी प्रामाणिक उत्तर दिलं होतं. एसटीच्या वेळापत्रकाला मी तिची आवड समजले. ती चूक माझी होती आणि तिची किंमत तिने मोजली.

म्हणून सर, 'आवडेल का' आणि 'होशील असं वाटतं का' हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवा, वेगवेगळे. आणि तिसरा मोकळा प्रश्न द्या : 'आवडत असूनही होणार नाही असं वाटत असेल, तर मध्ये काय येतं?' त्याला पर्याय देऊ नका, दोन ओळींची जागा सोडा. तुमची ३४ पैकी चार मुलं का, याचा उलगडा या दोन ओळींत होईल, असं मला वाटतं. अकरावी विज्ञानाचं कॉलेज तुमच्या गावापासून किती लांब आहे आणि क्लासची फी काय आहे, हेही त्या चारच्या आकड्याशेजारी लिहा. ते न लिहिता 'मुलांना गोडी नाही' असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो अन्याय आहे.

तुमच्या शाळेत दिसलं ते जगात इतरत्रही दिसलं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून १० ते १४ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास केला. बहुतेक मुलांना विज्ञानाचे तास आवडत होते, घरची माणसंही विज्ञानाला मान देत होती, तरी शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी मुलं सुमारे १५ टक्केच. आवड कमी असणं हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. घरात, नात्यात विज्ञानाचं काम करणारं कुणी आहे का, त्याच्याविषयी घरात बोलणं होतं का, यावर बरंच अवलंबून होतं. त्याला त्यांनी 'विज्ञानाचं भांडवल' म्हटलं आहे. नॉर्वेतून चाललेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांना एकच प्रश्नावली दिली होती. त्यात श्रीमंत देशांतल्या मुलांपेक्षा गरीब देशांतली मुलं 'शास्त्रज्ञ व्हायला आवडेल' असं जास्त जोरात म्हणाली. आपल्याकडचा मोठा आकडा बघून लगेच हुरळून जायचं नाही, ते यासाठीही.

आता भांडवलाविषयी, कारण आपल्या कोकणात याच बाबतीत फार मोठी गफलत होते असं माझं मत आहे.

डेव्हिड चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने लहान मुलांना फक्त एवढंच सांगितलं : शास्त्रज्ञाचं चित्र काढा. ४,८०७ मुलांची चित्रं त्याने तपासली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. पांढरा कोट, चष्मा, दाढी-मिशा, काचेची भांडी. बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनीच काढलेली. हे वाचल्यावर २०११ मध्ये मी माझ्या नववीला कोरे कागद वाटले. ४१ मुलं होती. चंचुपात्रं, धूर, चष्मे. बऱ्याच जणांनी कलामसाहेबांचे केस काढले होते. एका मुलाने मात्र आंब्याचं झाड काढलं होतं आणि खाली भिंग घेतलेला, पँट दुमडलेला माणूस. शेजारचा मुलगा हसला, "ह्यो खयचो शास्त्रज्ञ!" मी चित्र काढणाऱ्याला विचारलं. त्याचा काका वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात रोजंदारीवर होता. "साहेब भिंग घेवन मोहरावयले तुडतुडे मोजतत, काको वहीत लिवता."

४१ मुलांत खरा शास्त्रज्ञ पाहिलेला तो एकटाच होता, आणि वर्ग त्यालाच हसत होता.

त्या दिवशी मी शिकवायचा धडा बाजूला ठेवला. विचारलं, घरात काजूची कलमं कुठली? पोरं ओरडली, वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात. हे नंबर कुणी दिले? कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज तोंडात असलेलं नाव आपल्याच गावच्या संशोधन केंद्राचं, पण तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं संकर करून, झाडं पारखून त्या जाती तयार केल्या हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून निघालेला रत्ना आंबा त्यांनी खाल्ला होता. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. यांतलं काहीच पोरांच्या लेखी विज्ञान नव्हतं. विज्ञान म्हणजे मुंबईत किंवा श्रीहरिकोट्याला असतं ते. 'विज्ञानात करिअर करायला आवडेल' याचा त्यांनी लावलेला अर्थ, 'घर सोडून कायमचं जायला आवडेल', एवढाच होता. माड आणि बागायत सोडून जायला कुणाला आवडेल?

तेव्हा नुसतं 'शास्त्रज्ञ' विचारू नका. कामं विचारा. माती-पाणी तपासणं, कलमांच्या जाती तयार करणं, कोळंबीचे रोग ओळखणं, हवामान केंद्रात नोंदी घेणं, ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासणं, कासवांची घरटी राखून पिल्लं मोजणं. प्रत्येकापुढे दोन रकाने : 'हे काम करायला आवडेल का?' आणि 'हे काम करणारं कुणी तू पाहिलं आहेस का?' दुसऱ्या रकान्यातली 'नाही' मोजा. तो आकडा मुलांच्या आवडीचा नाही, आपल्या शाळेच्या कामाचा आहे, आणि तो आपल्याला बदलता येतो.

एक घोटाळा आणखी टाळा. 'ग्रहणात अन्न शिजवू नये' हे विधान तुमच्या प्रश्नावलीत आहे. ते चांगलं आहे, पण ते वैज्ञानिक दृष्टिकोनाचं झालं, विज्ञानाच्या आवडीचं नव्हे. रॉकेट सुटताना टाळ्या वाजवणारं मूल ग्रहणात पाण्यावर तुळशीपत्र ठेवतं, आणि ज्याला विज्ञानाचा पेपर नको असतो ते प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' विचारतं. त्याचे गुण वेगळे ठेवा.

आणि कागदावर नाव नको. विज्ञान दिनाच्या आठवड्यात तर मुळीच नको, भाषणं ऐकून मुलं भारावलेली असतात. गणपतीची सुट्टी संपून शाळा मार्गी लागली की घ्या. भरून घ्यायला तुम्ही थांबू नका, चित्रकलेच्या किंवा मराठीच्या बाईंना सांगा. दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्या. ताडून बघता यावं म्हणून नावाऐवजी मुलाने स्वतः निवडलेली खूण कोपऱ्यात काढू दे, मासा, होडी, काहीही. दोन्ही वेळची उत्तरं फार वेगळी आली, तर दोष विधानाचा समजा आणि ते विधान काढून टाका. 'सांगता येत नाही'ला ३ गुण द्यायची पद्धत आहे, द्या. पण कुठल्या विधानाला अशा खुणा जास्त आल्या ते निराळं टिपून ठेवा. बहुतेक वेळा मुलाने ती गोष्ट पाहिलेलीच नसते.

नवी प्रश्नावली छापण्याआधी मला पाठवलीत तर वाचून देईन. आधी तुमच्याच वर्गातल्या चार मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या बोलीत विचारा. जिथे ती अडखळतील, तिथे पेन्सिलीने खूण करून पाठवा.