ग्रीन कार्डवर असताना आईच्या आजारपणासाठी आठ महिने साताऱ्यात राहिलो, तर अमेरिकन नागरिकत्वाची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात का?

सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत बाहेर राहिलात, तर सलग वास्तव्य मोडलं असं धरूनच चालतात. मोडलं नाही हे तुम्ही दाखवायचं. अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती, घराचं भाडं चालू होतं, बायकामुलं तिथेच होती, टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणून भरला, हे कागद सांभाळा. वर्ष उलटलं की मात्र कागद कामाला येत नाहीत.

पण तुम्ही लिहिलंय की 'रीएन्ट्री परमिट (बाहेर जास्त काळ राहूनही परत अमेरिकेत येण्याचा परवाना) काढ, मग पाच वर्षं चालूच राहतात' असं कुणीतरी सांगितलं. हे वाचून राहवलं नाही. आमच्या दाजींनी हेच तासगावात, लग्नाच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर मला ऐकवलं होतं.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तो ऐन द्राक्षाच्या फळछाटणीच्या तोंडावर. बाग कुणासाठी थांबत नाही. छाटणी, डिपिंग, थिनिंग, ढग आले की फवारणी, आणि एक दिवसाआड वडिलांना घेऊन मिरजेला व्यायामासाठी. मध्ये एकदा अमेरिकेत जाऊन परमिटचा अर्ज भरला, कारण तो तिथे असतानाच भरावा लागतो, बोटांचे ठसे दिले आणि परत आलो. माल रॅकवर टाकून बेदाणा केला, एप्रिलची खरड छाटणी उरकली, पुढचा हंगामही मीच काढला. वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं.

परमिटने ग्रीन कार्ड वाचलं. दोन वर्षांपर्यंत बाहेर राहण्याची सोय, इतकंच त्याचं काम. नागरिकत्वाची वर्षं त्याने वाचत नाहीत. त्यासाठी एन-४७० नावाचा वेगळा अर्ज आहे, तो सरकारी नोकर, ठरावीक अमेरिकन कंपन्या, संशोधन संस्था, धर्मकार्य करणारे अशांसाठी. आजारी बापाजवळ बसलेल्या पोरासाठी नाही. हे मी मांडवातच सांगितलं, तर दाजी म्हणाले, "मग द्राक्षांपायी पाच वर्षं घालवलीस की!" घालवली नाहीत. परतल्यावर चार वर्षं आणि एक दिवसाने अर्ज करता येतो. फक्त तेव्हा मागच्या पाच वर्षांत सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी दिसतेच, ती सहा महिन्यांच्या आत यावी म्हणून मी साडेचार वर्षं थांबून एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरला. वडील पुन्हा बागेत हिंडायला लागले होते, ते मला पाच वर्षांपेक्षा मोठं वाटतं. आजही वाटतं.

तेव्हा तुम्ही आईजवळ या. जमलं तर सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत एक फेरी मारा, पण नुसतं विमानतळाला शिवून येऊ नका, दोन फेऱ्यांची बेरीज अधिकारी बघतोच. आणि ज्यांनी आपल्या आईबापाची एक रात्र दवाखान्यात काढली नाही, त्यांचा सल्ला घेऊ नका.

हो, पाच वर्षांत प्रत्यक्ष ३० महिने तिथे असणं वेगळं लागतं, ते आधी मोजा. बायको अमेरिकन नागरिक असेल तर पाचाऐवजी तीन वर्षांचा नियम बघा. शेती असेल तर हेही लक्षात घ्या: नागरिकत्व घेतलं की भारताचं सुटतं, ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर) वारसाने आलेली जमीन राहते, पण बांधालगतचं रान विकायला निघालं तर विकत घेता येत नाही. कॅनडावाल्यांनी यातलं काही लावून घेऊ नये, तिकडे पाच वर्षांत १,०९५ दिवस भरले का एवढंच मोजतात.