भारतात आरोग्य विम्याची व्यवस्था कशी घडत गेली? सगळ्यांसाठी एकच योजना का नाही?

तुम्ही विचारलंय की ईएसआय, मेडिक्लेम, जनआरोग्य, आयुष्मान ही एवढी नावं आली कुठून आणि यांतली 'भारताची आरोग्य विमा व्यवस्था' नेमकी कोणती. मी बरीच वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या विमा काउंटरवर काम केलंय, त्यामुळे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत रोज ऐकायचो.

खरं उत्तर असं की अशी एकच व्यवस्था नाही. ज्याच्या पगारातून पैसे कापता येतात त्याच्यासाठी एक योजना आली, ज्याला स्वतःच्या खिशातून हप्ता भरता येतो त्याच्यासाठी दुसरी, आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याच्यासाठी बऱ्याच उशिरा तिसरी. गंमत म्हणजे यांतली सर्वात जुनी योजना सर्वात भरघोस होती. पुढच्या योजनांत रकमेचे आकडे वाढत गेले आणि आजारपणाचा विम्यात बसणारा भाग मात्र आक्रसत गेला.

सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीची आहे. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा (म्हणजेच ईएसआय) कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना प्रत्यक्ष सुरू झाली. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाकडून जास्त, आणि हे सक्तीचं. मुंबईत गल्लोगल्लीच्या खासगी डॉक्टरांनाच पॅनेलवर घेतलं गेलं. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही 'ईएसआयचा डॉक्टर' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

यात काय मिळायचं ते बघा. साधा ताप आला तरी तपासणी आणि औषधं, गरज पडली तर रुग्णालय, कुटुंबालाही उपचार, बाळंतपणाची भरपाई, कामावर अपघात झाला तर अपंगत्वाचे पैसे. आणि आजारपणात बुडालेली मजुरीही. आजच्या नियमांनुसार वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम मिळते. बाजारातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बुडालेल्या पगाराचं नावही काढत नाही.

मग हीच योजना सगळ्या देशाला का नाही लावली? कारण तिची नाळ पगारपत्रकाशी जोडलेली आहे. शेतमजूर, हातगाडीवाला, घरकामाच्या बाई यांची वर्गणी कोण कापणार आणि मालकाच्या वाट्याची भर कोण घालणार? शिवाय नोकरी गेली की विमाही जातो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, तेव्हा अनेक घरांत पगार आणि दवाखाना एकाच वेळी थांबला.

ईएसआय आखली जात होती त्याच काळात एक वेगळा रस्ताही कागदावर होता. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये, आणि त्यासाठी सरकारने करातून सार्वजनिक आरोग्यसेवा उभारावी. म्हणजे विम्याची भानगडच नको. प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं या विचारातून आलं. जाळं विणलं गेलं, पण त्यात डॉक्टर, औषधं आणि पैसा कधीच पुरेसा पडला नाही, आणि लोक खासगी दवाखान्यांकडे वळत गेले. माझ्या मते पुढची सगळी विमाकथा या अर्धवट राहिलेल्या कामातून निघते. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये सीजीएचएस ही वेगळी आरोग्य योजना काढली, ती तेवढ्यापुरतीच.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हा प्रयोग आपल्याकडचा आहे आणि फारसा कुणाला माहीत नसतो. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजूंनी ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांत विम्याचा हप्ता ज्वारीत घेतला. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीनवाल्याने जास्त, भूमिहीनाने कमी. बदल्यात गावातच प्राथमिक उपचार, आणि अचानक आलेल्या आजारपणात रुग्णालयात मोफत भरती. बाळंतपण किंवा मोतीबिंदूसारख्या आधीपासून ठाऊक असलेल्या कामांना मात्र बिलाचा काही भाग भरावा लागायचा. पगारपत्रक नसलेल्या माणसाकडून वर्गणी कशी घ्यायची, हे कोडं त्यांनी गावाच्या पातळीवर सोडवलं होतं. ते देशभर नेणं ही वेगळी गोष्ट झाली असती, आणि तो प्रयत्न कुणी केला नाही.

मेडिक्लेम आलं १९८६ मध्ये. १९७३ पासून सर्वसाधारण विमा पूर्णपणे सरकारी होता, त्यामुळे न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चारच कंपन्या ते विकायच्या. तत्त्व सोपं: रुग्णालयात दाखल व्हा, बिल भरा, कागद द्या, पैसे घ्या. किमान २४ तास दाखल असायला हवं आणि आधीपासूनचे आजार बाहेर. कंपनीच्या बाजूने यात तर्क होता. तीनशे रुपयांच्या सर्दी-खोकल्याचा क्लेम तपासायला तीनशेच्या वर खर्च येतो, आणि आजारी माणूसच पॉलिसी घ्यायला धावला तर हप्त्याचं गणित कोसळतं. पण त्या दिवसापासून आपल्याकडे आरोग्य विमा म्हणजे खाटेवर झोपल्याचा विमा असंच समीकरण झालं.

विमा क्षेत्रातल्या सुधारणा सुचवणाऱ्या मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९९ मध्ये इर्डाचा, म्हणजे विम्याच्या नियामकाचा, कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्या आल्या. मागोमाग टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारे मध्यस्थ, आले आणि त्यांच्यासोबत कॅशलेस, म्हणजे बिल थेट कंपनीने रुग्णालयाला देण्याची सोय. रुग्णालयांचं बिल लिहिण्याचं तंत्र इथे बदललं, हे मी स्वतः पाहिलंय. "पेशंट इन्शुरन्सचा आहे का?" हा प्रश्न नावाच्या आधी विचारला जाऊ लागला. जुलै २०१० मध्ये तर चारही सरकारी कंपन्यांनी मोठ्या शहरांतल्या अनेक बड्या रुग्णालयांची कॅशलेस सोय बंद केली. विमेदारांची बिलं फुगवली जातात, अशी त्यांची तक्रार होती. पुढे ठरावीक दरांची पॅकेजेस मान्य करणाऱ्या रुग्णालयांची यादी बनवून वाट काढली गेली.

काउंटरवर सर्वात जास्त वाद व्हायचे ते खोलीच्या भाड्यावरून. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ३,००० रुपये. नातेवाईक ६,००० ची खोली घेतात, चार दिवस राहतात आणि म्हणतात, वरचे १२,००० आम्ही भरू. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही खोलीच्या श्रेणीप्रमाणे ठरतात, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. हे खर्च एक लाखाचे असतील तर त्यातले ५०,००० गेले. मिळून खिशातून ६२,०००. २०२० च्या नियमांनी औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळल्या, तरी डिस्चार्जच्या दिवशी हे कळल्यावर माणसाचा चेहरा उतरतोच. पॉलिसी घेताना विमा रकमेच्या आधी ही अट वाचा.

नियामकाने सुधारणा बऱ्याच केल्या, हेही खरं. २०११ पासून पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते. २०२४ मध्ये आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीनवर आला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

गरिबांसाठीची फळी राज्यांनी उभारली. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी आली. आंध्रात मुख्यमंत्री निधीकडे हृदयशस्त्रक्रियांसाठी अर्जांचा ढीग पडायचा, त्यातून २००७ मध्ये आरोग्यश्री निघाली. केंद्राने २००८ मध्ये आरएसबीवाय (राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना) आणली: ३० रुपये नोंदणी, पाच जणांचं कुटुंब, वर्षाला ३०,००० पर्यंत उपचार. रक्कम तुटपुंजी, पण आधीचे आजार पहिल्या दिवसापासून मान्य, जे पैसे भरून घेतलेल्या पॉलिसीतही मिळत नव्हतं.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड घेऊन आलेला माणूस आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापर्यंत पोचला की दीड लाखापर्यंतचं काम व्हायचं. ही मर्यादा आता ५ लाख आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली आहे. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून आयुष्मान भारतची पंतप्रधान जनआरोग्य योजना सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, सुरुवातीला सुमारे १०.७४ कोटी कुटुंबं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता.

पण यातही मेडिक्लेमचंच समीकरण आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस धरले जातात, बस. मधुमेहाची महिन्याची गोळी, रक्तदाबाची तपासणी, इन्सुलिन हे सगळं तुमचं तुम्ही बघा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरी उरलेला वाटा कमी नाही, आणि त्यात औषधांचा भाग मोठा आहे.

आणि मधले लोक? नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात अंदाज दिला होता की सुमारे ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे ४० कोटी माणसं, कुठल्याच विम्यात नाहीत. सरकारी यादीत बसण्याइतकी गरीब नाहीत आणि दरवर्षी हप्ता भरण्याइतकी निवांतही नाहीत. ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० झाली. पगार त्यापुढे सरकला की सध्याचा वर्गणीचा सहामाही काळ संपताच माणूस योजनेबाहेर पडतो. हजार रुपयांची पगारवाढ मिळाली आणि आईची औषधं बंद झाली, अशी तक्रार घेऊन लोक आमच्या काउंटरवर यायचे. त्यांना आम्ही मेडिक्लेमची माहितीपत्रकं द्यायचो, आणि त्यात आईच्या औषधांचा रकानाच नसायचा.