पिकअपला ‘पिकअप’ नाही, हेडर बसवू का?

प्रश्न : माझी १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल पिकअप आहे, बीएस-६, इंजिन सीटखाली. आठवड्यातून पाच दिवस बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी जाते, येतानाही गाडी रिकामी नसते. चढाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर दम लागतो. उद्यमबागेतला एक फॅब्रिकेशनवाला स्टीलचा हेडर (प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने बाहेर नेणारा भाग) बनवून देतो म्हणतो, वीस टक्के ताकद वाढेल म्हणतो. घेऊ का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : घेऊ नका. वीस टक्क्यांचा आकडा तर विसराच.

सिलिंडरमधून जळका वायू धक्क्याने बाहेर पडतो आणि त्याच्या मागे क्षणभर दाब कमी होतो. नळीची लांबी बरोबर जमली, तर या कमी दाबाने सिलिंडरात उरलेला धूर ओढला जातो. हेडरची सगळी करामत एवढीच. पण ती ठरावीक आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांना) साधते, आणि तो आरपीएम नळीच्या लांबीवर ठरतो. ढोबळ हिशेबाने ६००० आरपीएमला साधायचं तर प्रत्येक नळी पाऊण मीटरच्या आसपास लागते. ३००० ला साधायचं तर दीड मीटरच्या आसपास. तुमचं इंजिन घाटात २५०० ते ३५०० च्या दरम्यान चालतं. दीड-दीड मीटरच्या चार नळ्या सीटखाली कुठे मावणार? मेस्त्री बनवणार तो आखूड हेडर. त्याचा फायदा ज्या आरपीएमला आहे, तिथे भाजीची गाडी कधी जातच नाही.

त्यात नळी जाड घेतली की आणखी बिघडतं. तीनशे सीसीच्या एका सिलिंडरला आतून ३२ ते ३५ मिमीची नळी पुरते. बाजारात ४२ मिमीचा पाईप हाताशी असतो म्हणून तोच वापरला जातो. ३४ ऐवजी ४२ घेतली की छेद दीडपट होतो, वायूचा वेग तिसऱ्या हिश्शाने पडतो आणि कमी आरपीएमचा टॉर्क, म्हणजे ओढ, जाते. मग ‘इंजिनला बॅक प्रेशर लागतं’ असं गॅरेजात ऐकू येतं. इंजिनला बॅक प्रेशर, म्हणजे धुराच्या वाटेतला उलटा दाब, कधीच लागत नाही, वायूचा वेग लागतो.

दुसरी अडचण कॅट-कॉनची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. बीएस-६ पेट्रोल गाडीत तो बहुधा मॅनिफोल्डला (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या मूळ भागाला) चिकटूनच असतो, कारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो काम करत नाही. हेडर बसवताना तो काढला किंवा मागे ढकलला, की कॅट-कॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर चुगली करतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पुढच्या सेन्सरच्या आधी जोडात बारीक गळती असली, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो आणि अॅव्हरेज पडतं. ताकदीसाठी खर्च केला आणि पेट्रोल जास्त प्यायला लागली, ही तक्रार बहुतेक वेळा या गळतीचीच असते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पिवळ्या पाटीची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला उभी राहते. दोन राज्यांच्या सीमेवरून रोज जाणाऱ्याने हे विकत घेऊ नये.

मग दम का लागतो? थोडा दोष जागेचाही आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. वर हवा सुमारे सात टक्क्यांनी विरळ, म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन घाटमाथ्याला आल्यावर तेवढी ताकद गमावतंच. बाकीचं तपासून घ्या. एअर फिल्टर आणि प्लग आधी. मग ब्रेक धरतोय का ते बघा: सपाटीवर दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, एखादा जास्त तापलेला सापडेल. चढाला चौथ्या गिअरवर पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतोय. शेवटी कॅट-कॉन चोकअप आहे का ते मोजा: पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावा आणि गरम इंजिन २५०० आरपीएमला धरा. तीन पीएसआयच्या वर काटा गेला तर अडथळा आहे. अशा गाडीत मूळ प्रकारचा कॅट-कॉन बदलला की जो फरक पडतो, तो हेडरवाले आपल्या नावावर खपवतात.

प्रश्न : जुन्या पेट्रोल पिकअपला एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चा हेडर बसवून घेतला. दोन महिन्यांत तीन पॅकिंग उडाली. सकाळी टक-टक आवाज, गरम झाल्यावर कमी होतो. पॅकिंगच हलकं मिळतंय का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : दोष पॅकिंगमध्ये नसावा, फ्लँजमध्ये, म्हणजे हेडर इंजिनला जोडणाऱ्या जाड पत्र्यात, असावा. थंड असताना टक-टक आणि तापल्यावर शांत, म्हणजे फट आहे आणि धातू फुगला की ती मिटते.

हेडर उतरवून फ्लँजवर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घाला. ०.१५ मिमीची पाती सरकत असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकली आहे. वेल्डिंग झाल्यावर सरफेस ग्राइंडरवर घासणं हे काम बहुतेक जण टाळतात. उद्यमबागेत किंवा मच्छेत ते एका तासाचं काम आहे. फ्लँज १० मिमी जाड हवी. सहा मिमीची असेल तर घासूनही पुन्हा वाकेल, नवीनच करा.

एसएस ३०४ साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगतं. तीनशे मिमी लांबीची फ्लँज तापली की इंजिनच्या हेडपेक्षा एक मिमी तरी जास्त लांब होते. सगळी भोकं स्टडला (हेडमधून बाहेर आलेल्या बोल्टला) घट्ट असतील, तर ती जागा स्टड वाकवून किंवा पॅकिंग फाडून काढते. एम-८ स्टडसाठी मधली भोकं ९ मिमी आणि टोकाची १० मिमी करा. नाहीतर दोन पोर्टच्या (धुराच्या तोंडांच्या) मधे फ्लँज करवतीने कापून तिचे सुटे तुकडे करा, हे आणखी चांगलं.

फायबरचं पॅकिंग नको, पत्र्याच्या थरांचं घ्या. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत, शेवटी २० ते २५ न्यूटन-मीटरला घट्ट करा. इंजिन पूर्ण तापवून रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पुन्हा टॉर्क लावा. हे दुसरं आवळणं राहिलं की चौथं पॅकिंगही जाईल. स्टड गंजले असतील, तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि कोमट इंजिनवर पुढे-मागे करत सोडवा. जोर लावू नका. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटलेला स्टड काढायला लेथवाला लागतो.

आणि हेडरला कापडी पट्टी गुंडाळू नका. तुमच्याकडच्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि लोखंडी जोड पट्टीखाली सडतात.

प्रश्न : २.५ लिटर टर्बो डिझेल पिकअपला हेडर चालेल का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. डिझेलमध्ये मॅनिफोल्डवरच टर्बो बसलेला असतो आणि तो धुराच्या उष्णतेवर व दाबावर फिरतो. पातळ नळ्यांतून उष्णता वाटेतच जाते आणि टर्बोच्या वजनाने वेल्डिंगला चिरा पडतात. ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड जड आणि कुरूप दिसतो, पण या कामाला तोच योग्य. तुमच्या गाडीत दम कमी वाटत असेल, तर इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजवर तेलाचे डाग शोधा. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर क्लिप ढिली किंवा होज फाटलेली. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरला आहे का ते बघा, आणि बीएस-६ असेल तर स्कॅनर लावून डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या) दोन टोकांमधला दाबाचा फरक वाचा.