वाचकांचे प्रश्न : शिबिर संपल्यानंतरची वही

प्रश्न : आदरणीय डॉक्टर मॅडम, मी मालेगावातील एका युनानी महाविद्यालयात इंटर्नशिप करीत आहे. आम्ही दहा-बारा मित्रमैत्रिणी दरवर्षी रमजानच्या आदल्या आठवड्यात मोहल्ल्यातील मदरशाच्या हॉलमध्ये रक्तदाब व मधुमेहाची मोफत तपासणी ठेवतो. गर्दी चांगली होते, परंतु पुढच्या वर्षी तीच माणसे तीच वाढलेली साखर घेऊन परत येतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘डॉक्टर, रोजा ठेवू की नको?’ आम्ही मौलवी नाही आणि मौलानासाहेब डॉक्टर नाहीत. अशा वेळी काय उत्तर द्यावे, आणि हे शिबिर अधिक उपयोगी कसे करावे?
— एक इंटर्न, मालेगाव

उत्तर : ‘तीच माणसे तीच साखर घेऊन परत येतात’ हे आपल्या शिबिराविषयी इतक्या स्पष्टपणे लिहिणारे आयोजक मला फारसे भेटलेले नाहीत. बहुतेकांच्या अहवालात किती जणांची तपासणी झाली एवढाच आकडा असतो आणि त्याखाली सत्काराचे छायाचित्र असते.

मी स्वतः तरुणपणी अशा अनेक शिबिरांत बसले आहे. त्यांपैकी एका शिबिराची नोंदवही पुढे माझ्याच हाती आली, तेव्हा तिच्यात माझ्या अक्षरातली एक ओळ सापडली : ‘वय ५२, साखर ४१२, सल्ला दिला.’ हे गृहस्थ सात-आठ महिन्यांनी पायाची काळी पडलेली बोटे घेऊन रुग्णालयात आले होते. ‘सल्ला दिला’ असे लिहिले, की आपली जबाबदारी संपली असे त्या वयात मला वाटत असे. त्यांचा पत्ता वहीत नव्हता, कारण वहीत पत्त्याचा रकानाच आखलेला नव्हता.

म्हणून पहिली सूचना वहीची. प्रत्येक नोंदीपुढे गल्ली, घराची खूण, घरात ज्याचा फोन लागतो त्याचा क्रमांक आणि तुमच्यापैकी एका स्वयंसेवकाचे नाव असावे. ज्यांची साखर किंवा रक्तदाब जास्त निघाला, त्यांच्या घरी त्या स्वयंसेवकाने पंधरा दिवसांत जाऊन यावे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या पथकाला हे जमत नाही, ते संध्याकाळी गाडीत बसून परत जाते. तुम्ही मात्र त्याच मोहल्ल्यात राहता, त्याच दुकानातून दूध आणता आणि त्या माणसाला नमाजाच्या रांगेत, सफेत, उभे असलेले पाहता. तुमची खरी ताकद तीच आहे, आणि ती बॅनरवर खर्च होऊ नये. ज्याला औषध सुरू करावे लागणार आहे, त्याला सरकारी रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात सोबत घेऊन जावे. तेथे मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात, पण पहिल्या दिवशीची रांग आणि केसपेपर यांनाच घाबरून अनेक जण परत फिरतात.

दुसरी सूचना वेळेची. रमजानच्या आदल्या आठवड्यात शिबिर घेणे म्हणजे वरात दारात आल्यावर मांडव घालायला घेण्यासारखे आहे. मधुमेही माणसाने रोजे ठेवायचे असतील, तर सहा ते आठ आठवडे आधी तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शनात सांगितले आहे, कारण औषधाची मात्रा किंवा वेळ बदलल्यावर ती अंगी लागते की नाही, हे पाहायला काही आठवडे जातात. तेव्हा पहिले शिबिर रमजानच्या दोन महिने आधीच्या रजब महिन्यात घ्या आणि मधल्या शाबानमध्ये केवळ नाव नोंदवलेल्यांची दुसरी बैठक ठेवा. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात हे मी तुम्हाला सांगायला नको, परंतु बारा तासांची पाळी करणारा कामगार रविवारी सकाळच्या शिबिराला येऊ शकत नाही, याचा विसर आयोजकांना पडलेला मी पाहिला आहे.

आता रोजाचा प्रश्न. २००१ साली तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली, तीत टाइप २ मधुमेह असलेल्या सुमारे ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान पंधरा रोजे ठेवल्याचे आढळले. त्याच गटात साखर धोकादायकरीत्या उतरून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत साडेसात पटींच्या आसपास गेले होते. या दोन आकड्यांवरून असे दिसते, की ‘तुम्ही रोजा ठेवूच नका’ असे सरसकट सांगून डॉक्टर मोकळा होतो, रुग्ण मात्र रोजा ठेवतोच, आणि फक्त ते डॉक्टरला सांगत नाही. माझ्या सासूबाईंनी दोन वर्षे माझ्यापासून हेच लपवले होते, आणि मी त्याच घरात डॉक्टर होते.

त्यामुळे उत्तराची वाटणी करा. धोका किती आहे हे वैद्यकाने सांगायचे आणि त्या धोक्यात शरीयतची सवलत कशी लागू होते हे मौलानांनी सांगायचे. टाइप १ मधुमेह, मधुमेहासह गर्भारपण, मूत्रपिंडाचा गंभीर आजार किंवा गेल्या तीन महिन्यांत साखर उतरून बेशुद्ध पडण्यासारखा प्रसंग, यांपैकी काहीही असेल तर रोजा टाळण्याचाच सल्ला द्यावा. केवळ पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि साखर आटोक्यात असलेल्या व्यक्तीला बहुधा रोजे झेपतात. मधला मोठा गट साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचा आहे, आणि धोका तेथेच दबा धरून बसलेला असतो. सकाळच्या न्याहारीबरोबरची गोळी माणूस आपल्या मनाने सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, घेतो, पुढे तेरा-चौदा तास पोटात काही जात नाही, आणि असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, सुमारास मागावर उभ्या उभ्या त्याला घाम फुटतो, हात थरथरतात. अशी गोळी बहुतेक वेळा इफ्तारकडे सरकवतात व मात्रा पुन्हा ठरवतात. परंतु हा बदल इंटर्नने शिबिराच्या टेबलावर करू नये. अशा लोकांची वेगळी यादी करा आणि एखाद्या फिजिशियनची एक संध्याकाळ मागून घ्या.

कुरआनातील दुसऱ्या सूरहमध्येच, जेथे रोजांचा हुकूम आहे तेथेच, आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. नंतर कजा, म्हणजे सुटलेल्याच्या बदल्यात, रोजा ठेवता येतो, आणि ज्याला तोही कधीच शक्य नाही त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे गरिबाला जेवू घालणे, आहे. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी वृद्ध माणसाला ते आपल्या इमामांच्या तोंडून ऐकायचे असते. म्हणून मौलानासाहेबांना उद्घाटनाला बोलावून हार घालण्यापेक्षा दुसऱ्या टेबलावर बसवा. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, मत आहे. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळच्या, बयानात ते दोन मिनिटे सांगण्याची विनंती त्यांना करा. त्याच वेळी दोन आकडेही लोकांच्या कानी पडू देत : साखर ७० च्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, वाट न पाहता रोजा सोडायचा.

काही बारीकसारीक गोष्टीही सांगते. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे निवांत बसू द्या. बुरख्याची बाही दंडावर गच्च गुंडाळली, तर तिचाच फास बसतो व आकडा चुकतो, म्हणून महिलांसाठी पडदा, स्वतंत्र जागा आणि तुमच्या मैत्रिणींपैकी दोघी हव्यात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वापरा. वर्षानुवर्षे मागाच्या खडखडाटात काम केलेल्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे स्वयंसेवक मोठ्याने बोलतात आणि एकाची साखर सगळ्या हॉलला कळते. आकडा कागदावर लिहून दाखवावा. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यातच टाकायच्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतून शिबिरे सुटलेली नाहीत.

प्रश्न : मुस्लिम डॉक्टरांनी मुस्लिम वस्तीत शिबिर घ्यावे, याने समाजाचे कप्पे अधिकच घट्ट होत नाहीत का? आरोग्यसेवा सर्वांसाठी का नसावी?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, आपली शंका रास्त आहे, आणि ज्या शिबिराच्या दारात नाव विचारून आत सोडतात, त्याला मी तरी जाणार नाही. परंतु स्वयंसेवक कोण आहेत आणि सेवा कोणाला मिळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक बाल्कन युद्धातील जखमी तुर्की सैनिकांसाठी मुंबईहून निघाले, त्यामागची भावना उघडच धर्मबंधुत्वाची होती. हेच अन्सारी पुढे १९२७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आपल्या जवळचे उदाहरण इचलकरंजीचे आहे. तेथील मुस्लिम समाजाने २०२० च्या रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी मेमोरियल रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ते रुग्णालय सार्वजनिक आहे, तेथील खाटेवर कोण निजतो हे कोणी विचारत नाही. स्वयंसेवक वस्तीतले असले, की भाषा, वेळ आणि विश्वास या तीन गोष्टी विकत आणाव्या लागत नाहीत, एवढाच त्यांचा लाभ आहे, आणि धनगरवाड्यात धनगर मुलगी परिचारिका म्हणून गेली तरी तो तसाच मिळतो.

प्रश्न : मी भिवंडीत आशा कार्यकर्ती आहे. गोवराच्या लसीसाठी काही घरे दार उघडत नाहीत. आता मुस्लिम डॉक्टरांचा एक गट मदत करायला तयार आहे. त्यांना नेमके काय काम द्यावे?
— एक आशाताई, भिवंडी

उत्तर : ताई, २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवर पसरला, तेव्हा कोविडच्या काळात चुकलेले डोस हे त्याचे एक मोठे कारण होते. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, म्हणून वस्तीत जवळजवळ ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो.

या गटाला पश्चिम उत्तर प्रदेशातील पोलिओचा अनुभव सांगा. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेशातील होते. डोसाने मूल पुढे वांझ होते, अशी अफवा तेथे घट्ट बसली होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द यांतील अध्यापक व डॉक्टर वस्त्यांत गेले, मशिदींच्या भोंग्यांवरून आवाहने झाली, याचा उपयोग निश्चित झाला. तरीही माझ्या मते खरा फरक पाडला तो त्याच मोहल्ल्यातील स्त्रियांनी, ज्यांच्याकडे घरागणिक मुलांची नोंद असलेली वही होती. लोकांची एक तक्रार मात्र अफवा नव्हती. आमच्या गल्लीत गटार तुंबले, मूल जुलाबाने सुकले, तेव्हा कोणी येत नाही, आणि दोन थेंब पाजायला मात्र दर महिन्याला फौज येते, असे ते म्हणत. पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ तालुक्यांत पोलिओबरोबर हात धुणे, स्तनपान, जुलाबावरचे उपचार आणि नियमित लसीकरण यांचीही जोड देण्यात आली. देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला.

बंद दारामागे दर वेळी फतवा किंवा अफवा असते, असे समजू नका. गोवराच्या लसीनंतर काही मुलांना साधारण आठवड्याने ताप येतो, तापलेले मूल घेऊन आई घरी बसते आणि तिची दिवसाची मजुरी बुडते. तिला हे कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून ती पुढच्या मुलाच्या वेळी दार लावून घेते. या डॉक्टरांना प्रथम अशी घरे द्या. एकेका डॉक्टरने आठ-दहा घरेच घ्यावीत. लस देण्याचे काम तुमच्या परिचारिकेकडेच राहू द्यावे. डॉक्टरने ताप येऊ शकतो हे आदल्या दिवशी सांगावे, मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचे ते लिहून द्यावे, दहा-बारा दिवसांनी पुन्हा त्याच दारावर थाप मारून बाळाचा ताप उतरला का एवढेच विचारावे, आणि त्या भेटीत लसीचा विषय मुळीच काढू नये.