फरशीभोवतीची कमी कष्टाची बाग

प्रश्न : नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरात आमचे बैठे घर असून मागे पश्चिमेला बारा बाय पंधरा फुटांचा शहाबादी फरशीचा ओटा आहे. त्याच्या तीन बाजूंना चार-चार फूट काळी माती आहे. दरवर्षी हिवाळी फुलांची रोपे आणतो आणि मे महिन्यात मुलाकडे महिनाभर जाऊन आलो की सारे वाळलेले दिसते. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले. गुडघे आता वाकू देत नाहीत. वर्षानुवर्षे टिकणारी झाडे सुचवावीत. कडेने हिरवळ लावावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हिरवळीचा विचार सोडून द्यावा. कापणी, निंदणी आणि रोजचे पाणी पाहता तिच्याइतके कष्ट दुसरे काही मागत नाही.

झाडांच्या यादीआधी मातीकडे पाहावे, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला बोटभर रुंद भेगा पडतात; त्या भेगांमध्ये बारीक मुळे तुटतात, आणि आपली रोपे तहानेइतकीच त्यामुळेही गेली असावीत. म्हणून फरशीलगत अर्धा फूट पट्टा फरशीपेक्षा थोडा खाली घेऊन त्यात बारीक खडी भरावी, म्हणजे चिखल ओट्यावर येणार नाही. त्यामागे मातीत मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून फूटभर उंच गादीवाफा करावा. हे काम पावसाळ्यापूर्वी, आपण घरी असताना, माणूस लावून एकदाच करून घ्यावे. त्यात काटकसर केली, तर पुढची दहा वर्षे कुदळ हातातून सुटत नाही.

झाडांचे प्रकार मोजकेच, चार-पाच ठेवावेत. पश्चिमेच्या कोपऱ्यात पांढरा देवचाफा लावावा. थंडीत त्याची पाने गळतात, तेव्हा ओट्यावर हवेहवेसे ऊन येते. उन्हाळ्यात पालवी आणि फुले परततात. जाड फांदी आठ दिवस सावलीत ठेवून चीक सुकल्यावर लावली की ती सहज रुजते. मात्र मुळाशी पाणी साचले तर कुजते, म्हणूनच गादीवाफ्याचा आग्रह. आडोशासाठी कुंती निवडावी. ती बारमाही हिरवी राहते, पाऊस पडून गेला की सुगंधी फुलांनी भरते आणि वर्षातून एक-दोन छाटण्यांत आटोक्यात राहते. कण्हेर तिच्याहून काटक आहे, पण तिचे सर्व भाग विषारी असल्याने घरात नातवंडे येत असतील तर टाळावी. बोगनवेल हवी असेल तर बसण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाशी लावावी; तिला पाणी जास्त दिले की पाने वाढतात आणि फुले रुसतात. (द्राक्षांच्या छाटणीची तारीख तोंडपाठ असलेले नाशिककर घरची बोगनवेल मात्र गच्चीपर्यंत चढू देतात, हे एक कोडेच आहे.) खाली पावसाळी लिलीचे कंद, गवती चहाची दोन बेटे आणि कोरफड एवढे पुरे.

लागवड जूनच्या अखेरीस, चांगला पाऊस झाल्यावर करावी. टिकाऊ झाडेही पहिली दोन वर्षे पाणी मागतातच: उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण खोलवर, पुढे दहा-बारा दिवसांनी दिले तरी चालते. आपण महिनाभर बाहेर असणार, तेव्हा वेळ लावता येणारी ठिबक टाकीला जोडून घ्यावी. आसपास द्राक्षबागा असल्याने तिचे सुटे भाग आपल्याकडे सहज मिळतात. निघण्यापूर्वी वाफ्यावर तीन इंच पालापाचोळा पसरावा, पण खोडाला टेकू देऊ नये.

एवढे करूनही एक काम उरतेच. पावसाळ्यानंतर फरशीच्या सांध्यांमध्ये पिंपळ आणि उंबराची रोपे उगवतात. ती बोटाएवढी असतानाच उपटावीत. एक वर्ष दुर्लक्ष झाले तर फरशी उचलावी लागते.