‘इटरेशन’ला आवर्तन म्हणावं की फेरी?

पाचोऱ्याच्या एका गणिताच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. आपण दिलेल्या समीकरणावरून फ्रॅक्टल, म्हणजे कितीही मोठं करून पाहिलं तरी नवी नक्षी दिसत राहणारं चित्र, काढणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका तो लिहितोय. ‘मॅक्झिमम इटरेशन्स’, म्हणजे तीच कृती जास्तीत जास्त किती वेळा करायची, या रकान्यासाठी ‘कमाल आवर्तने’ लिहावं की ‘कमाल पुनरावृत्ती’?

मी ‘कमाल फेऱ्या’ लिहीन.

पुनरावृत्ती म्हटलं की तेच ते पुन्हा, चुकांची पुनरावृत्ती म्हणतो तसं. इथे कृती तीच असली तरी आधीचं उत्तर पुढच्या वेळी तिच्यात घातलं जातं. ‘झेड वर्ग अधिक सी’ हे समीकरण घ्या आणि झेड शून्य धरून सुरुवात करा. चित्रातला प्रत्येक बिंदू म्हणजे सीची एक किंमत. सी १ असेल तर ०, १, २, ५, २६, ६७७ अशी संख्या हाताबाहेर जाते. सी उणे १ असेल तर ०, −१, ०, −१ हेच चालू राहतं. शून्यापासूनचं अंतर २ च्या पुढे गेलं की संख्या परत फिरत नाही, म्हणून कितव्या फेरीत ती निसटली यावरून त्या बिंदूचा रंग ठरतो. जो निसटत नाही तो काळा. यातच खरी मेख आहे: सी ०.२६ असेल तर निसटायला सुमारे ३० फेऱ्या लागतात. कमाल मर्यादा २० ठेवली, तर तो बिंदू उगाच काळा रंगतो.

आता ‘आवर्तन’. खानदेशात हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे. गिरणा धरणातून रब्बीचं आवर्तन कधी सुटणार, ही तिकडची नेहमीची विचारणा. ठरलेल्या क्रमाने पुन्हा येणं हा त्याचा गाभा. आवर्ती दशांश, आवर्तसारणी यांतही तोच आहे. म्हणूनच तो मी ‘पीरियड’साठी, म्हणजे किती फेऱ्यांनी तीच संख्या परत येते त्यासाठी, राखून ठेवतो. वरचं उणे १ चं उदाहरण म्हणजे दोन फेऱ्यांचं आवर्तन. मॅन्डेलब्रॉटच्या आकृतीत, म्हणजे याच समीकरणातून मिळणाऱ्या काळ्या बिंदूंच्या आकृतीत, मुख्य भागाच्या डावीकडे उणे १ भोवती पाव त्रिज्येचं वर्तुळ दिसतं. त्याच्या आतल्या प्रत्येक बिंदूची गत अशीच होते. फेरी आणि आवर्तन या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर हे वाक्यच लिहिता येणार नाही.

जुना शब्दही आहे, ‘असकृत्’, म्हणजे एकदाच नव्हे, वारंवार. आलेलं उत्तर पुन्हा गणितात घालून ते सुधारत नेण्याच्या रीतीला ज्योतिषगणितात असकृत्कर्म म्हणत. भास्कराचार्यांकडेही ती आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. प्रस्तावनेत हा शब्द जरूर द्यावा, रकान्यात नको. मुलं तिथे अडखळतील.

जाता जाता, शेजारच्या ‘बेलआउट’ रकान्याला, म्हणजे वरच्या २ सारख्या मर्यादेला, ‘निसटण्याची मर्यादा’ म्हणा. आणि खाली टीप द्या: झेडच्या वर्गाऐवजी साइन घातलात, तर २ ची मर्यादा चालत नाही.